ठेवतो तो काढत नाही

दगडाच्या खालच्या भोकाशी उदबत्त्यांची जुडी धरून ताओ शौगन उकिडवा बसला होता. धूर आधी रुसल्यासारखा बाहेरच घोटाळला, मग दगडात शिरला आणि वरच्या, मधल्या, बगलेतल्या, एकूण एक भोकातून निघायला लागला. भोवती जमलेल्या माळ्यांनी टाळ्या पिटल्या.

“चढला, चढला! मिस्त्री, जिंकलात!”

मिस्त्री एकाहत्तर वर्षांचा. उठताना गुडघे कुरकुरले, पण तोंडावर हसू मावत नव्हतं. चीनमधल्या सूचौच्या या बागेतला, कमळतळ्याकाठचा चौथरा त्रेपन्न वर्षं ओकाबोका पडला होता. त्यावर आज दगड चढणार होता. मरायच्या आधी एवढं एकच त्याला बघायचं होतं.

दगड हवा कसा? अंगाने सडपातळ, कातडीने सुरकुतलेला, गळका आणि आरपार. “म्हणजे अगदी तुझ्या आजोबांसारखा,” असं त्याचा बाप म्हणायचा. ज्या साहेबाला डोंगरात जाऊन राहणं जमत नाही, त्याने डोंगर अंगणात आणून बसवायचा. आणि डोंगराला श्वास लागतो, म्हणून भोकं.

बागेच्या अधिकारी शेनबाई पुढे आल्या. वय तिशीचं, बोलणं गोड. त्यांनी दगडाभोवती फेरी मारली, बाही सरसावली आणि मधल्या भोकात कोपरापर्यंत हात घातला. हात आतच थांबला.

“मिस्त्री, हे काय?”

“काय?”

“तुम्हीच हात घालून बघा.”

मिस्त्रीने हात घातला नाही. त्याला ठाऊक होतं.

ताओंच्या घराण्यात दगड पेरायची चाल होती. दगड खाणीतून काढायचा, छिन्नीने भोकं पाडायची आणि ताइ सरोवरात लाटा आपटतात तिथे बुडवून यायचं. पुढचं काम पाण्याचं. साठ वर्षं, शंभर वर्षं, पाणी घासत बसतं. छिन्नीची शेवटची रेघ बोटाला लागेनाशी झाली की मग दगड काढायचा. ठेवतो तो काढत नाही, असा घराण्याचा नियम.

चौथऱ्यावरचा जुना दगड असाच पणजोबांनी ठेवलेला, बापाने काढून उभा केलेला. सहासष्ट साली, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, दंडाला लाल पट्ट्या बांधून पोरं बागेत घुसली, जुनं ते सगळं फोडायला. त्यांच्यात अठरा वर्षांचा शौगनही होता. बड्यांच्या बागा सजवणाऱ्याचं कार्टं म्हणून सगळे त्याच्याकडे संशयाने बघत होते. पोरांनी अर्धा तास घण घातले, टवका उडेना. मानेखाली कुठे मारलं की दगड फुटतो, ते शौगनला बापानेच शिकवलं होतं. त्याने घण घेतला आणि एका घावात काम केलं.

बाप ओरडला नाही, हात उगारला नाही. केरसुणी आणून त्याने तुकडे गोळा केले. त्याबद्दल तो लेकाशी जन्मात बोलला नाही. मरायच्या वर्षी मात्र त्याला नावेतून घेऊन गेला आणि पाण्याकडे बोट दाखवलं. “आजोबांनी ठेवलाय. रेघ अजून लागते, मी नाही हात लावत. तुझ्या नातवाला मिळेल बहुतेक.”

कुठला आलाय नातू! एकुलती एक लेक, ती शेंझेनला मोबाइल विकते आणि लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवते. मग काढणार कोण? थंडीच्या तोंडावर मिस्त्री छातीएवढ्या पाण्यात उतरला, भोकात बोटं फिरवली. रेघ लागत होती. पाणी गार आहे, बोटं बधिर झालीत, शेवाळ असेल, असं त्याने स्वतःला बजावलं. आणि दगड काढला.

“महिन्याला चार जण असे दगड घेऊन येतात,” शेनबाई म्हणाल्या. “कारखान्यात भोकं पाडायची आणि वर पणजोबांची शपथ घ्यायची. तुम्हाला कुणी गंडवलं का?”

“मला कोण गंडवणार, बाई? माझ्या आजोबांनी ठेवलेला आहे.”

“असेलही. पण छिन्नी बोटाला लागते, मी सही कशी करू? अजून तीस-चाळीस वर्षं राहिला असता ना, तर मी स्वतः याच्या पाया पडले असते.”

त्या बोलल्या ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

“मग चौथऱ्यावर काय ठेवणार?”

“सिमेंटचा करू. जुन्या फोटोवरून, हुबेहूब. आणि पाटीवर तसं स्पष्ट लिहू.”

पाटी तिथे होतीच. ‘मूळ दगड अज्ञात तरुणांनी फोडला.’ मिस्त्री येता-जाता ती वाचत आला होता.

“पाटी बदलताच आहात, तर तेवढं अज्ञात काढा,” तो म्हणाला. “माझं नाव घाला. ताओ शौगन.”

माळी खदखदून हसले. म्हातारा चिडून टोमणा मारतोय, असं त्यांना वाटलं. शेनबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाही खाली ओढली, बटण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

“चहा घेऊन जा, मिस्त्री,” त्या हळूच म्हणाल्या.

चौथ्या दिवशी आफू नाववाल्याने दगड नावेत चढवून घेतला आणि सरोवरात शिरेपर्यंत त्याचं तोंड थांबलं नाही.

“एवढा आटापिटा करून काढलास, आता परत बुडवतोस? डोकं ठिकाणावर आहे का लेका?”

“घाई केली. दोनदा केली.”

“दोनदा कधी?”

“तू नाव हाक गपचूप.”

दगड सोडण्याआधी मिस्त्रीने मधल्या भोकात हात घातला. रेघा एकेक करून बोटाला लागल्या, अगदी सारख्या अंतरावर. आजोबांचा हात मोठा नेमका होता. या रेघा आपण पुन्हा चाचपणार नाही, हे कळून त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. मग दोर सोडला.

“खूण ऐकून ठेव,” तो आफूला म्हणाला. “देवळाचा कोपरा आणि टेकडीवरचं वाकडं झाड एका रेषेत आलं पाहिजे. तिथून बेटाकडे साठ हात. चाळीस वर्षांनी काढायचा, त्याआधी नाही.”

आफूने बोटांवर मोजत खूण दोनदा घोकून दाखवली. एकदाही चुकला नाही. तो मिस्त्रीपेक्षा तीन वर्षांनी मोठा होता.