मधोमध बसलेली पाकोळी

मित्रांनो, इंग्लंडमधल्या बर्स्लेम गावातल्या एका स्वयंपाकघराच्या फळीवर टेकून उभी असलेली मी एक म्हातारी निळी बशी. बशांच्या कारखान्यात पहिल्यांदा भाजून निघाले आणि केझिया ब्लूरबाईंच्या हाती आले. निळ्या शाईने छापलेला पातळ कागद बशीवर चिकटवायचा, ब्रशने घासायचा, मग पाण्यात धुऊन काढायचा. कागद जातो, चित्र राहते. तीस वर्षे त्या हेच करत होत्या.

मी घडले त्या साली जपानी धर्तीची नवी नक्षी आली. एका कडेला बांबूची फांदी, तिला लागून उडणारे पाकोळी पाखरू आणि बाकी सारे कोरे. केझियाबाईंना ते पटेना. पहिला नमुना मीच होते. त्यांनी कागदावरची पाकोळी कातरून माझ्या बरोबर मधोमध बसवली.

झिलई चढून मी भट्टीबाहेर आले, तेव्हा मुकादम कोलक्लॉ कडाडले, "अहो बाई, पाखरू कडेला हवं होतं!"

"मग अर्धी बशी उघडीच ठेवू? लोक म्हणतील, बाईला जेवायला जायची घाई झाली होती!"

कामावरच्या साऱ्याजणी हसल्या. मुकादमांनी मला फोडायला उचलले.

"फोडू नका, साहेब," केझियाबाईंचा आवाज उतरला. "उद्यापासून तुम्ही म्हणाल तिथं बसवते. ही मला द्या. माझी चूक माझ्या घरी नांदेल."

मुकादम विरघळले. मी घरी आले.

त्यांचे पती एनॉक रोज सकाळी माझ्यात ओटचे धिरडे नि चीज खात. शेवटचा घास उचलला की ओरडत, "आलं गं तुझं पाखरू!"

एका हिवाळ्यात भांडी धुताना मी एनॉकच्या ओल्या हातातून निसटले. दोन तुकडे! केझियाबाई कामावर होत्या. एनॉकनी मला रुमालात बांधले आणि चिखल तुडवत शेजारच्या हॅन्ली गावातला फुटकी भांडी सांधणारा गाठला. त्याने बारीक भोके पाडून तारेचे तीन टाके घातले.

"एवढ्या थंडीत बशीसाठी गेलात?" केझियाबाई दारातच म्हणाल्या. "अहो, अख्खं गाव बशाच बनवतं!"

"बनवतं ना," ते बूट काढत म्हणाले. "पण सगळे बरोबर बनवतात."

केझियाबाईंनी त्यांना चहा दोनदा ओतला.

आता मला कढत काही सोसत नाही. रविवारी केक ठेवतात, तेवढे पुरते. मित्रांनो, घरात काही फुटले तर केरात टाकण्याआधी तुकडे एकदा जुळवून पाहा. आणि मला धुणार असाल, तर दोन्ही हातांनी धरा.