हळदीवरचे ऊन

ताडकळसच्या शिवारात कापूस फुटला होता, आणि विजयमालेने चार महिने दुपार पाहिली नव्हती. ऊन लागले की तिच्या गालांवर, हातांवर लाल चट्टे उठत. परभणीच्या डॉक्टरांनी उन्हापासून जपायला बजावले होते. पहाटे आणि दिवेलागणीला तेवढी ती अंगणात येई. मधला सारा प्रकाश उंबऱ्याबाहेर थांबून राही. पण सोमवारी वेचणी सुरू व्हायची होती, आणि या खेपेला रानात जायचेच, असे तिने मनाशी ठरवले होते. प्रश्न एवढाच होता की पांघरायचे काय.

"ओलं पांढरं फडकं घे डोस्क्यावर," सासू कडूबाई म्हणाल्या. "लय गार राहतंय. आमी जलम त्याच्यावरच काढला."

"गार राहतंय, आत्या. पण ऊन अडतंय का?"

"गार लागलं म्हंजे अडलंच की. ऊन काय इचारून आत येतंय व्हय?"

हळदीचा डाग साबणाने जात नाही, उन्हाने जातो, हे विजयमालेला धुण्याच्या दगडावर कळलेले होते. तिने जुन्या धोतराची लांब पट्टी हळदीत बुडवून सावलीत वाळवली. नवऱ्याने, व्यंकटीने, ती गच्चीवर अंथरली आणि वर तुकडे मांडून दगड ठेवले: खताचे पोते, झिरझिरीत ओढणी, कडूबाईंचे जुने काळे इरकली लुगडे, आणि पांढरे फडके दोन ठिकाणी, एक कोरडे, एक ओले. ओल्यावर पाणी शिंपडण्याचे काम कडूबाईंनी हट्टाने मागून घेतले.

तीन दुपारी विजयमाला ओसरीच्या गार अंधारात पडून होती. वर एखादे अवाढव्य, मुके जनावर पिवळ्या ओढ्याला तोंड लावून संथपणे पीत उभे आहे, असे तिला वाटे. डोळा लागला की रानही पिवळे होई, बोंडेही, आणि त्यांत बुडालेले तिचे हातही.

चौथ्या दिवशी व्यंकटीने पट्टी खाली आणली. ओढणीखाली हळद उरलीच नव्हती. पोत्याखाली अर्धीमुर्धी होती. कोरड्या फडक्याखाली फिकी. ओल्याखाली त्याहूनही फिकी. काळ्या लुगड्याखाली मात्र ती आत्ताच लावल्यासारखी लखलखत होती.

कडूबाईंनी फिक्या जागेवरून अंगठा फिरवला. "पाण्यानं गेली असंल."

"पाण्यानं जाती तर हळदीचा डाग धुण्यातच न्हाई का गेला असता, आत्या?"

"आये, हरलीस," व्यंकटी म्हणाला.

"हरले न्हाई. फडकं गारच हाय." असे म्हणत त्यांनी पेटीतून उरलेले लुगडे काढले आणि कात्री मागितली. "बाह्या पार बोटांपस्तोर घेते. वेचताना हात उघडे पडतेत."

सोमवारी भर दुपारी दोघी शेजारच्या ओळींत होत्या. काळ्या कापडाखाली विजयमाला घामाने निथळत होती. भोवती पांढरी बोंडे प्रकाशात तरंगत होती, आणि आपणही त्यांच्याबरोबर तरंगत चाललो आहोत, असे तिला भासत होते. कडूबाईंनी डोक्यावरचे ओले फडके काढून पुढे केले.

"उकडायलंय ना? ते काळं काढ, हे घे घटकाभर."

"नको, आत्या," ती म्हणाली, आणि पुढच्या बोंडाकडे वळली.