पोलादावरची काळी साय

धुरपताबाईनं टँकरच्या रांगेतली आपली घागर तशीच सोडली आणि रेणापूरहून लातूरची एसटी धरली. त्या दुष्काळात रांगेतला नंबर सोडणं म्हणजे पुढचे चार दिवस शेजाऱ्यांपुढं तांब्या घेऊन उभं राहणं. पण लेकाचं नाव मोठ्या सभेत पुकारलं जाणार होतं. भीमानंच तसं पत्र धाडलं होतं.

भीमा नांदेडच्या एका कॉलेजात संशोधन करायचा. विषय असा, की गावात कुणाला सांगायची सोय नाही. अणुभट्टीतली उष्णता वाहून न्यायला पाण्याऐवजी वितळलेलं शिसं वापरता येतं. पण हे शिसं मोठं खादाड. ज्या पोलादी नळीतून वाहील तिलाच खाऊन टाकतं. त्यात टिकेल असं पोलाद भीमाला हवं होतं. तुकडे घासून-घासून तो आरशासारखे लख्ख करी, हजार तास शिशात ठेवी, आणि काढून तोलले की दर खेपेला वजन घटलेलं. दोन वर्षं हाच खेळ चालला.

एका सुट्टीत त्यानं हे रडगाणं मायपुढं गायलं. धुरपताबाईची पंधरा वर्षं लातूरच्या एका कल्हईच्या दुकानात भांडी घासण्यात गेली होती.

"आरं, मग तू घासतूस कशाला?" ती म्हणाली. "भांड्यावर मळ ऱ्हायला की कथील धरतच न्हाई. मालक लई वरडायचा माज्यावर. तुला शिसं धरू द्याचं न्हाई ना? मग ऱ्हाऊ दे की मळ!"

भीमा हातातला घास तसाच धरून बसला. नांदेडला परतल्यावर त्यानं तुकडे घासून झाल्यावर हवेतच तापवले. त्यांच्यावर मळासारखी पातळ काळी साय धरली. मग ते हजार तास शिशात ठेवले. बाहेर काढले तेव्हा वजन होतं तेवढंच होतं.

त्यानं धावत जाऊन शेषेराव सरांना सगळं सांगितलं, मायचं बोलणंसुद्धा. सर त्याचे मार्गदर्शक. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "तुझ्या मायलाच डॉक्टरेट द्यायला पाहिजे रे!" सर मनाचे दिलदार, दुष्काळ पडला तेव्हा आपल्या शेतातली पोतंभर ज्वारी त्यांनी भीमाच्या खोलीवर पोचवली होती. अशा माणसावर संशय घ्यायचा कसा?

पुढं खंडेनवमी आली. त्या दिवशी प्रयोगशाळेतलं झाडून सगळं लोखंड चिंच लावून घासायचं, हळदकुंकू वाहायचं, ही कॉलेजची रीत. भीमा धम्मचक्र दिनाला गावी निघालेला. माघारी कुणी भक्तिभावानं त्याचे काळे तुकडेही लख्ख करून ठेवले तर? म्हणून त्यानं तुकडे आणि नोंदींची वही बिस्किटांच्या डब्यात घातली आणि डबा सरांच्या घरी नेऊन दिला.

"सर, एवढं सांभाळा."

परत आल्यावर मागितला, तर "आहे रे, कुठं पळून चाललाय?" असं सहा महिने चाललं. मग एक दिवस सर म्हणाले, "लातूरला सभेत आपलं काम मांडतोय. तूही ये." त्या 'आपलं' शब्दावर भीमा हुरळून गेला आणि त्यानं मायला पत्र धाडलं.

जिल्हा होऊन पाच वर्षंही झाली नव्हती, आणि लातूरला मिरवायला नवं सभागृह मिळालं होतं. तिथल्या मंचावर सरांनी तोच बिस्किटांचा डबा उघडला. मी असं केलं, मला असं सुचलं. भीमा वाट बघत होता, पुढच्या वाक्यात नाव येईल. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे त्याला अजून उमगत नव्हतं. मग सरांचा आवाज भरून आला.

"ही युक्ती मला पुस्तकात सापडली नाही. माझी माय इथं लातूरच्याच एका कल्हईच्या दुकानात भांडी घासायची. ती म्हणायची, मळ राहिला की कथील धरत नाही..."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वही गेली, तुकडे गेले, ते एकवेळ भीमानं सोसलं असतं. या माणसानं त्याची माय नेली होती.

धुरपताबाई पदर सावरत उभी राहिली.

"ओ सर! त्या दुकानात घासाया मी एकलीच बाई व्हते. तुमी माज्या पोटी कवा जलमला?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सरांनी डब्याचं झाकण लावलं. भीमाकडं बघून त्यांनी डोळ्यांनीच खुणावलं, हिला बाहेर ने.

सरांचा शब्द भीमानं आजवर कधी खाली पडू दिला नव्हता. तो जागचा हलला नाही.

"बोल माय," तो म्हणाला.