पाचवी खेळाडू

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने बास्केटबॉलचं वेळापत्रक इतक्यांदा बदललं होतं की ते वाचायच्या भानगडीत आता कोणी पडत नसे. सामना ठरायचा, कोणीतरी कोरोना पॉझिटिव्ह निघायची, तिच्याबरोबर निम्मा संघ विलगीकरणात जायचा आणि तारीख पुढे ढकलली जायची. शेवटी सचिवांचाही संयम सुटला. त्यांनी फर्मानच काढलं. यापुढे तारीख हलणार नाही. सामन्याच्या वेळी ज्या संघाच्या पाच मुली मैदानात उभ्या नसतील तो संघ हरला, स्पर्धेतून बाहेर.

हे फर्मान लागू होणारा पहिलाच सामना बाईंच्या संघाचा होता. बाई म्हणजे प्रशिक्षक; कॉलेजात सगळे त्यांना बाईच म्हणत. आणि समोरच्या संघाचा प्रशिक्षक होता दादा, बाईंचा सख्खा थोरला भाऊ. एकाच घरात दोन प्रशिक्षक निपजावेत आणि दोघांनाही हार पचू नये, हा त्यांच्या आईच्या नशिबाचा भाग.

सामन्याच्या आठवड्यातच बाईंची एक मुलगी पॉझिटिव्ह निघाली. नियमाप्रमाणे मेसमध्ये तिच्या टेबलावर जेवणाऱ्या सगळ्या खोलीत बंद. वाचल्या त्या पाचजणी, ज्यांचं बाकीच्यांशी हरवलेल्या मोज्यांवरून भांडण झालं होतं आणि ज्या तेव्हापासून फुगून वेगळ्या टेबलावर बसत होत्या. त्या भांडणावर बाईंनी संघभावनेचं लांबलचक व्याख्यान झोडलं होतं. ते त्यांनी मनातल्या मनात मुकाट्याने मागे घेतलं.

पण सुख एवढं सरळ कुठलं यायला! त्या पाचातली कर्णधार सरावात उडी मारून खाली आली ती पाय मुरगळूनच. उंचीमुळे सगळ्या तिला शिडी म्हणत. घोटा टम्म फुगला. डॉक्टरांनी बजावलं, "सूज उतरेपर्यंत या पायावर उडी मारलीस तर जन्मभर लंगडशील." शिडीचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. ती डॉक्टरांसमोर मान डोलावत होती आणि बाईंकडे बघून डोळ्यांनी नाही नाही म्हणत होती.

आता एकच मार्ग उरला होता. दादानेच आधी माघार घ्यायला हवी होती. बाईंनी फोन लावला.

"काय दादा, कशा आहेत तुझ्या पोरी?"

"ठणठणीत! तुझ्या?"

"नुसत्या उधळल्यायत. आवरता आवरत नाहीत."

"वा वा. मग भेटूच."

"भेटू की. पण जमत नसेल तर आत्ताच सांग हं, लाजू नकोस."

"मी कशाला लाजू? तुलाच काही सांगायचं असेल तर सांग, चिमणे."

लहानपणापासून दादा थाप मारायला लागला की त्याचे कान लालभडक व्हायचे. घरात काय फुटलं, कोणी फोडलं, हे आई त्याच्या कानांवरूनच ओळखायची. पण फोनवर कान दिसतात होय? बाईंनी निमूटपणे फोन ठेवला आणि आईला लावला.

"आई, माझ्याकडे चारच आहेत गं. पाचवीला धड चालता येत नाही. दादाला सांगू नकोस हं, शपथ आहे तुला."

"अगं, पण तूच का नाही सांगत त्याला?"

"त्याला कळलं की सचिवांना कळवणं त्याला भागच आहे. मग माझ्या पोरी घरी. शिडीने काय करायचं?"

"बरं, ठेवते" म्हणून आईने फोन ठेवूनच दिला. एरवी आईचा फोन म्हणजे कान दुखेपर्यंत. आज तिने असा का तोडला, याचा विचार करायला बाईंना सवड नव्हती.

सामन्याच्या दिवशी हॉलची सगळी दारं-खिडक्या सताड उघडी होती. प्रेक्षकांना बंदी, त्यामुळे खुर्च्या कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या. सॅनिटायझरच्या वासाने डोकं उठत होतं. दादाची बस आली. आधी चार मुली उतरल्या आणि मागून दादा. बाई त्याला वर्षभराने बघत होत्या. मास्कच्या वरचे केस पार पांढरे झाले होते आणि शर्ट खांद्यावरून ओघळत होता. या वर्षात याला काही झालं असतं तर, असं बाईंच्या मनात आलं. मग त्यांना आठवलं की आपण जिंकायला आलोय.

"चारच? पाचवी कुठाय?"

"बसमध्ये. बुटाची नाडी बांधतेय."

मास्कने दादाचं सगळं तोंड झाकलं होतं, पण मास्क अडकवायला देवाने जे दिलंय ते उघडंच होतं. दोन्ही कान लालभडक! बसमध्ये ड्रायव्हरशिवाय कोणी नव्हतं, हे बाईंना तिथे न जाताच कळलं.

"दोन्ही संघ मैदानात या," पंचांनी हाक दिली.

शिडीनेही चार डोकी मोजली होती. तिने बाईंची बाही ओढली. "बाई, मी फक्त उभी राहते. त्यांच्या पाच नाहीत. उडीसुद्धा मारायला लागणार नाही, आपण जिंकलो!"

खरंच होतं ते. एक मुलगी नुसती उभी राहिली की झालं. बाईंनी मान डोलावली आणि शिडी बाकावरून उठली. बुटाच्या वर घोटा पुरीसारखा फुगला होता. जिंकलो तर परवाच पुढचा सामना, आणि तिथे नुसतं उभं राहून भागणार नाही. ही पोरगी उडी मारणार. कोणी कितीही अडवलं तरी मारणार.

"बस खाली," त्या शिडीला म्हणाल्या. मग पंचांकडे वळल्या. "साहेब, माझ्याकडेही चारच आहेत."

दादाने झटकन मान वळवली. "माझ्याकडेही म्हणजे?"

"दादा, कान."

दादाचे दोन्ही हात कानांवर गेले. त्याच्याच मुली आधी हसल्या, मग सगळा हॉल हसला. पंचांनी डोकं खाजवत सचिवांना फोन लावला. "साहेब, इथे हरायला दोघं तयार आहेत, पण जिंकायला कोणीच नाही." सचिव एवढ्या जोरात ओरडले की कोपऱ्यातल्या खुर्च्यांपर्यंत ऐकू गेलं. "ढकला! सगळ्या बऱ्या होईपर्यंत ढकला पुढे!"

शिडीने मटकन बसून बूट काढला आणि "हुश्श" केलं. बाईंना इतकं हलकं वाटलं की त्या तिथेच जमिनीवर बसल्या. सामना ढकलला म्हणून आनंद व्हावा, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

थोड्या वेळाने भाऊ-बहीण एका बाकाच्या दोन टोकांना नियमाचं अंतर राखून बसले. दादाने आईला फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो बाकावर मधोमध ठेवला.

"कोण हरलं?" आईने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"कोणीच नाही. चिमणीकडेही चारच होत्या! आणि आई, तू माझं कोणाला सांगितलं नाहीस ना?"

बाई फोनवर वाकल्या. "म्हणजे त्याचंही तुला माहीत होतं?"

"दोघांचंही. दोघांनीही शपथ घातलेली."

"मग बोलली का नाहीस?"

"एकाला सांगितलं असतं तर दुसरं हरलं असतं, आणि तेही माझ्यामुळे. कोणाला सांगायचं होतं मी? तुम्हीच सांगा."

दादा जमिनीकडे बघत होता आणि बाई मास्कच्या टोकाने डोळे पुसत होत्या.

"आता ठेवा फोन," आई म्हणाली. "कितीतरी दिवसांनी भूक लागलीये मला."