ढोबळमानाने, हो

आमच्या धंद्यात खोटं कुणी बोलत नाही. खोटं बोलायला छाती लागते, आणि ज्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावतात ती माणसं मुळात भित्री असतात. आम्ही बोलतो ते सगळं ढोबळमानाने. त्या एका शब्दामागे लपून मी बत्तीस वर्षं काढली. त्या मंगळवारी तोच शब्द माझ्या अंगावर आला.

संसदेच्या समितीपुढे साक्ष होती. विषय, लहान मतदान केंद्रं बंद करण्याचं विधेयक. दोनशेपेक्षा कमी मतदार असलेल्या गावातलं केंद्र उचलायचं आणि जवळच्या शहरातल्या केंद्रात मिसळून टाकायचं. सरकार त्याला सुसूत्रीकरण म्हणत होतं. खेड्यांना यातून वगळा, अशी दुरुस्ती विरोधकांनी सुचवली होती आणि सरकारी बाजूचेही काही खासदार तिच्याकडे झुकले होते. केंद्र हललं की मतदारांचं काय होतं, हा माझा आयुष्यभराचा अभ्यास, म्हणून मला बोलावलं होतं. शेजारच्या खुर्चीत प्राध्यापक लायोनेल प्रूइट, सरकारच्या बाजूने. आम्ही दोघं बावीस वर्षं एकमेकांशी भांडतोय. वादविवाद ठेवणाऱ्यांना आम्ही जोडीनेच लागतो, मीठ आणि मिरपुडीच्या डब्यांसारखे.

दोन तास सगळं ठीक चाललं होतं. मी सांगत होते की तीन जिल्ह्यांतल्या एकेचाळीस गावांत आम्ही पाहणी केली. केंद्र हलल्यावर, ज्यांच्याकडे गाडी नाही अशा सत्तरीपुढच्या माणसांपैकी नवातल्या एकाने पुढच्या वेळी मत दिलं नाही. वाक्य लांब होतं, आणि अध्यक्षा फिलिपा गार्स्टँग यांना लांब वाक्यं आवडत नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“म्हणजे डॉक्टर थ्रेलकेल्ड, हे विधेयक मंजूर झालं तर खेड्यातला नवातला एक मतदार मत गमावणार. बरोबर?”

बरोबर नव्हतं. सगळे मतदार धरले तर हा आकडा सत्तरातला एक होता. पण अध्यक्षांना चारचौघांत ‘तुम्हाला कळलेलं नाही’ असं म्हणायचं म्हणजे आमच्याकडे भर जेवणात ढेकर देण्यासारखं. आधी दुजोरा द्यायचा आणि मग हळूच ‘फक्त एक बारीकशी गोष्ट’ म्हणून सगळं उलटं करायचं, हीच आमची रीत.

“ढोबळमानाने, हो,” मी म्हणाले, आणि बारीकशा गोष्टीसाठी तोंड उघडलं.

“आभारी आहे,” म्हणून त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्यासुद्धा. लायोनेलने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग तो समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायला.

बुधवारी सकाळी चहाचं पाणी उकळत होतं आणि रेडिओवरच्या बाई म्हणत होत्या, “नवातला एक मतदार मत गमावणार, तज्ज्ञांचा इशारा.” तज्ज्ञ म्हणजे मी. दुपारपर्यंत सात अभिनंदनं आली. आमच्या बाजूच्या मोहिमेतल्या मुलीने कळवलं की चार सरकारी खासदार डगमगताहेत आणि हा आकडा म्हणजे सोनं आहे. मी तिला उत्तर दिलं नाही. दुपारचं सँडविच तसंच पडून राहिलं.

साक्षीचा मसुदा तपासायला आला. त्यासोबत सूचना असते की ऐकण्यात किंवा लिहिण्यात चूक झाली असेल तर सुधारा, बोललेलं बदलू नका. माझं बोलणं त्यांनी अचूक उतरवलं होतं, अगदी स्वल्पविरामासकट. सुधारायला जागाच नव्हती. मार्ग एकच होता. समितीच्या सचिवांना पत्र लिहायचं, आणि ते पत्र समिती सगळ्यांसाठी प्रसिद्ध करते. पुढच्या मंगळवारी समिती अहवाल पक्का करणार होती. त्याआधी पत्र गेलं तर दुरुस्ती बहुधा पडणार. नाही गेलं तर झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ माझ्या एकटीची नव्हती. लायोनेलने ऐकलं होतं.

आणि गुरुवारी संध्याकाळी विद्यापीठात आमचा जाहीर वाद ठरलेला होता, ‘लोकशाहीला किती मतदान केंद्रं लागतात?’ दोनशे खुर्च्या, कोमट व्हाइट वाइन आणि वाळलेलं चीज. दर वेळी लायोनेल बोलायला उठला की मला वाटायचं, आता काढतोय. तो खर्चावर बोलला. पोस्टाने मत देता येतं यावर बोलला. नेहमीचे टोमणेही मारले: “मॅरियनला मतदान केंद्रं देवळासारखी जपायची आहेत. देवळात तरी जास्त लोक येतात, असं म्हणणार होतो, पण हल्ली तिथेही कुणी येत नाही.” लोक हसले. मागच्या रांगेतल्या एका बाईने मला विचारलं, “तो नवातल्या एकाचा आकडा पुन्हा सांगाल का?” मी म्हणाले, तपशील आमच्या अहवालात आहेत. लायोनेलने पेन खाली ठेवलं.

नंतर कोट घ्यायला गेलो तेव्हा मी त्याला गाठलं.

“का नाही बोललास?”

“कशाबद्दल?”

“लायोनेल, उगाच वेड पांघरू नकोस.”

त्याने मफलर गुंडाळायला फार वेळ घेतला. “‘हो’ तुझा होता, मॅरियन. माझा नव्हता. मी बोललो तर लोक म्हणतील, सरकारचा माणूस, बोलणारच. तुझं तू बघ. मी कुणाला काही सांगणार नाहीये.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही. माझाही असाच एक ‘ढोबळमानाने’ आहे. तेरा वर्षं झाली. मंत्र्यांनी विचारलं, केंद्रं कमी केली तर मतदानावर फरक पडणार नाही ना? मी म्हणालो, ढोबळमानाने, नाही. त्यावरच तर हे विधेयक उभं आहे. आता सुधारायला कुणी विचारत नाही.” टोपी घालून तो निघाला. दारातून वळून म्हणाला, “वाइन भिकार होती.”

त्याने धमकी दिली असती तर बरं झालं असतं. धमकीला घाबरून माणूस नीट वागतो. आता सगळं माझ्यावरच आलं, आणि शुक्रवारी मी पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं.

शनिवारी मी स्केलबेकला गेले. ते माझं माहेर म्हणायचं, जरी आता तिथे माझं कुणी नाही. महिन्यातून एकदा मी एनिड आंटीकडे जाते, वाणसामान पोचवते, दिवे-बल्ब बघते. एनिड बर्केट, वय सत्त्याऐंशी, आमची शेजारीण. गाडी नाही. स्केलबेकमधून फेलगेट या जवळच्या शहराला जाणारी बस मंगळवारी आणि शुक्रवारी असते. या देशात मतदान गुरुवारी होतं.

तिने वर्तमानपत्रातलं कात्रण फ्रिजला लावून ठेवलं होतं. फोटोत माझे डोळे मिटलेले होते.

“नवातला एक,” ती किटली ठेवत म्हणाली. “एवढे आहेत होय गं? मला वाटायचं आम्हीच काय ते चार-पाच म्हातारे.”

मी खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. आकडा, अध्यक्षा, माझा हो, लायोनेल. ती बिस्किटांचा डबा उघडून ऐकत राहिली.

“म्हणजे आम्हीच काय ते चार-पाच म्हातारे.”

“तसं नाही. सत्तरातला एक म्हणजे देशभरात खूप माणसं होतात, आंटी. पण ऐकायला काहीच वाटत नाही. मी गप्प बसले तर इथलं केंद्र वाचेल. कदाचित. पत्र पाठवलं तर गावच्या हॉलमधलं केंद्र बंद. तुला मत द्यायला सात मैल.”

“पोस्टाने देता येतं म्हणे.”

“देशील?”

“मागच्या खेपेला तो लिफाफा शनिवारी आला. मतदान होऊन दोन दिवस झाल्यावर. त्यात मी किराणाची यादी ठेवते.” तिने मला बिस्किट दिलं. “तुझे वडील काय करायचे आठवतं का?”

आठवत होतं. वडील तीस वर्षं स्केलबेकच्या हॉलमध्ये केंद्राध्यक्ष होते. सकाळी सातला मतदान सुरू होण्याआधी, जे कुणी हजर असेल त्याला पेटी उघडून दाखवायची, आत काही नाही म्हणून, आणि मगच सील लावायचं. नियमच आहे. स्केलबेकमध्ये सातला हजर असायची ती फक्त एनिड आंटी.

“एकदा गारा पडत होत्या,” ती म्हणाली. “मला फाटकातून बाहेर पडता येईना. सात वाजत आले. तुझा बाप पेटी छातीशी धरून, डोक्यावर ओलं घोंगडं घेऊन माझ्या दारात. म्हणाला, बघ गं एनिड, रिकामी आहे ना? मी म्हटलं, जॉर्ज, मला कशाला दाखवतोस, तुझ्यावर विश्वास आहे की. तर म्हणतो, विश्वास आहे म्हणूनच दाखवली पाहिजे.”

“पेटी हॉलबाहेर न्यायची परवानगी नसते, आंटी.”

“नसेलच. पण माझ्या दारात आला होता. तू काय मला नियम शिकवतेस?”

ती चिडली की तिचं नाक लाल होतं. मग ती कपबशा धुवायला उठली आणि सिंककडे तोंड करून म्हणाली, “पत्र टाक, पोरी. माझ्यासाठी म्हणून पेटीत आधीच काही घालून ठेवू नकोस.”

मला तिचा राग आला. एवढी पत्रं पुसून, एवढी धास्ती खाऊन मी तिच्याकडे आले होते ते तिने ‘राहू दे’ म्हणावं म्हणून, हे मला तेव्हा कळलं. त्याची लाज अजून वाटते.

रविवारी तिच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्र लिहिलं. माझं उत्तर चुकीचं होतं, खरा आकडा सत्तरातला एक, नवातला एक हा फक्त गाडी नसलेल्या वृद्धांचा. खाली एक परिच्छेद जोडला: स्केलबेकहून फेलगेटला बस मंगळवारी आणि शुक्रवारी आहे, मतदान गुरुवारी असतं, आणि आम्ही पाहिलेल्या एकेचाळीसपैकी सव्वीस गावांत गुरुवारी बस नाही. दोन तासांच्या साक्षीत हे मी एकदाही बोलले नव्हते. तज्ज्ञाने बसचं वेळापत्रक सांगायचं म्हणजे कसंसंच वाटतं.

सोमवारी सकाळी नऊला पत्र गेलं. अकराला फिलिपा गार्स्टँग यांचा फोन.

“डॉक्टर थ्रेलकेल्ड, बुधवारपर्यंत थांबता आलं नसतं?”

“अहवाल मंगळवारी पक्का होणार होता.”

“तेच म्हणतेय मी,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

डिसेंबरमध्ये दुरुस्ती मताला आली. मी घरी टीव्हीसमोर बसले होते, हाताची नखं कुरतडत, परीक्षेच्या निकालाची वाट बघत असल्यासारखी. मंत्र्यांनी माझं पत्र सभागृहात वाचून दाखवलं. वरच्या दोन ओळी. सभागृह हसलं. बसच्या परिच्छेदापाशी पोचायच्या आधीच त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. दुरुस्ती सहा मतांनी पडली आणि विधेयक होतं तसंच मंजूर झालं. संध्याकाळी मोहिमेतल्या मुलीने एकच ओळ पाठवली, “आता समाधान झालं?” लायोनेलने काहीच पाठवलं नाही. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

मे महिन्यात स्थानिक निवडणूक आली. गुरुवारी पहाटे मी स्केलबेकला गाडी घेऊन गेले. माझ्या गाडीत चौघांना जागा होती. आदल्या रविवारी मी दारोदार जाऊन सांगून आले होते. एनिड आंटी टोपी घालून फाटकात उभी होती, एकटीच.

“बाकीचे?”

“विनी म्हणाली, एका मतासाठी सात मैल कोण जाईल, त्यापेक्षा मी कोंबड्या बघते. ह्यूचा गुडघा. आणि स्टॅनली म्हणतो, त्यांना आपण नको असू तर आपल्याला तरी ते कशाला हवेत.” गाडीत बसून ती पट्टा लावायला धडपडत होती. “चल, सातच्या आत पोचायचंय.”

फेलगेटच्या क्रीडा केंद्रात, बॅडमिंटनच्या जाळीखाली, टेबलं मांडलेली होती. सातला दहा मिनिटं कमी होती. केंद्राध्यक्ष बाई तिशीतल्या असतील. एनिड आंटीने त्यांना पेटी दाखवायला सांगितलं.

“हल्ली कुणी मागत नाही,” त्या म्हणाल्या, पण त्यांनी पेटी तिरकी धरली. एनिड आंटीने चष्मा पुसला, वाकून आत पाहिलं, चांगला वेळ घेऊन पाहिलं. मग मला म्हणाली, “तूही बघ.” मी पाहिलं. “हं. लावा सील,” ती म्हणाली, आणि त्या दिवशीचं पहिलं मत तिने टाकलं.

परत येताना आमचा हॉल आला. दाराला कुलूप होतं.

“मॅरियन,” ती म्हणाली, “सत्तरातला एक कमी पडला म्हणतेस. नवातला एक असता तर पुरला असता.”

“हो.”

“मग किती पुरतात? तू शिकलीस ना हे सगळं. किती माणसं मत द्यायची राहून गेली म्हणजे त्यांना पुरतं?”

समितीपुढे मी दोन तास बोलले होते. बत्तीस वर्षं ह्याच प्रश्नावर पोट भरलं होतं. तिच्या फाटकापाशी गाडी थांबवली तरी मला उत्तर सुचलं नाही, ढोबळमानानेसुद्धा नाही. ती पट्टा सोडून उतरली.