डावीकडचं खालचं दार

किती माणसांचं रांधता?

पेन्रिथ गावातल्या चुलींच्या दुकानात विक्रेत्या कॉलिननं हाच प्रश्न पहिला विचारला, आणि डोरीन अडखळली. लोकर कातरायच्या दिवसांत अख्खं खोरं तिच्याकडे जेवायला असायचं. पण कळप शेजारच्या वॉल्टरला विकून टाकल्यापासून ते बंद झालं होतं. आता दारासमोरच्या कुरणात थोड्याशा मेंढ्या होत्या, त्याही नवऱ्याच्या, आयझॅकच्या मनासाठी ठेवलेल्या.

"दोघांचं," ती म्हणाली. "माझं आणि नवऱ्याचं. कधीमधी मुलगी येते."

मुलगी शेजारीच उभी होती. रुथनं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "कधीमधी काय, आई? दर रविवारी येते."

"येतेस. खातेस कुठं? नुसतं चिवडतेस."

कॉलिन हसला. गुलाबी गालांचा, टापटीप माणूस. त्याच्यामागे चुली ओळीनं मांडलेल्या होत्या. लाल, निळ्या, काळ्या, ओतीव लोखंडाच्या, आरशासारख्या लखलखीत. डोरीननं सवयीनं एकीवर पंजा टेकला आणि लगेच उचलला. इतक्या चुली, आणि एकीलाही ऊब नाही. तिला उगाच अंगावर शहारल्यासारखं झालं.

आत्ता कोणती आहे?

आयझॅकच्या आजीनं घेतलेली. कोळशाची, सायीच्या रंगाची, चार दारांची. वरच्या डाव्या दारामागे निखारे, बाकी तिन्हींमागे ओव्हन. एक कडक, एक मध्यम, आणि डावीकडचा खालचा नुसता कोमट. पुढे आडवा दांडा, त्यावर मोजे आणि पुसणी वाळत घातलेली.

ती विझत नसे. सकाळी राख काढून कोळसा घालायचा, निजताना निखारे झाकायचे, आणि हे काम घरातल्या पुरुषाचं. डोरीन लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला घर दाखवलंच नाही, थेट चुलीपुढे आणून उभं केलं. म्हणाली, "हिला विझू द्यायचं नाही. बाकीचं घर तुझं तुला सापडेल."

आयझॅक दिवसाचा अर्धा वेळ तिला पाठ लावून उभा असायचा. बाहेरून आला की टोपीसुद्धा न काढता तिथं. गारठ्यातनं आलेल्या त्याच्या कोटातून वाफ निघायची आणि सगळ्या स्वयंपाकघराला ओल्या मेंढीचा वास यायचा.

तिचं काय बिघडलं?

"काही नाही," डोरीन म्हणाली.

"आई."

"तिचं काही बिघडलेलं नाही, रुथ. खोटं कशाला सांगू?"

बिघडलं होतं ते दुसरीकडेच. नोव्हेंबरात आयझॅकनं निखारे झाकले आणि धुराड्याची झडपही पार लावून टाकली. कोळशाचा विषारी वायू घरातच कोंडला. कुत्री दाराशी ओरडत राहिली म्हणून डोरीन उठली. डोकं फुटायला आलेलं, पायांत बळ नाही, खिडकीची कडी सापडेना. कशीबशी सापडली. पुढे नाताळानंतर एकदा निखाऱ्यांचं दार सताड उघडं टाकून तो मेंढ्या बघायला गेला आणि समोरची सतरंजी धुमसत राहिली.

रुथ कार्लाइल शहरातल्या इस्पितळात नर्स होती. तिनं आरडाओरडा केला नाही, तेच डोरीनला जास्त लागलं. पेन्रिथमध्ये म्हाताऱ्यांसाठी एक घर आहे, स्वच्छ आहे, मागं बाग आहे, आपण बघून आलोय, असं तिनं सांगितलं.

"बाग घेऊन तो काय करेल?" डोरीन म्हणाली होती. "तिथं एक मेंढी तरी आहे का?"

"आई, ती चूल जाईल, नाहीतर बाबा जातील. काय ते तू ठरव."

डोरीननं ठरवलं होतं, म्हणून तर ती इथं आली होती. चूल जाईल. माणूस राहील.

"नवऱ्याला माझ्या विसरायला होतं," तिनं कॉलिनला सांगितलं. "भरवशाची दे मला. तो विसरला तरी जी विसरणार नाही अशी."

दिसायला कशी हवी?

रुथला काचेची सपाट शेगडी आवडली होती. पुसायला सोपी. डोरीननं तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

कॉलिन तिला कोपऱ्यातल्या एकीकडे घेऊन गेला. विजेची होती, पण अंग ओतीव लोखंडाचं. सायीचा रंग. चार दारं. पुढे दांडा. त्यानं वरचं डावं दार उघडलं, तर आत निखाऱ्यांच्या जागी बटणं. प्रत्येक ओव्हनचं बटण वेगळं. लावलं तर तापतो, नाहीतर गार. आणि लावून विसरलं तर थोड्या वेळानं आपोआप बंद होतो.

"आपोआप?" डोरीननं विचारलं.

"तुम्ही विसरा, ती नाही विसरणार. तुम्हाला हेच हवं होतं ना, बाई?"

डोरीननं दांड्यावरून हात फिरवला. जाडीसुद्धा तीच. आपल्याच स्वयंपाकघरात त्याला पाहुण्यासारखं वाटायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. त्याच्या हाताला सगळं जागच्या जागी लागायला हवं. परत जाताना गाडीत ती स्वतःवर खूश होती. रुथलाही ते दिसलं.

डावीकडचा खालचा ओव्हन कशासाठी वापरता?

हे कॉलिननं विचारलं होतं, निघता निघता, रुथ गाडी आणायला गेली असताना.

"ताटल्या गरम ठेवायला," डोरीन म्हणाली.

त्या लखलखीत दुकानात दुसरं काही सांगणं तिला जरा ओशाळवाणं वाटलं.

जुनीचं काय करायचं?

मार्चात दोन माणसं आली आणि त्यांनी तिचे तुकडे करून नेले. आदल्या दिवशी चूल विझवली होती. आयझॅक सकाळी खाली आला, त्यानं राखेत हात घातला, आणि टोपी काढली.

"कोण गेलं, पोरी?" त्यानं विचारलं. सत्तरी उलटली तरी तो बायकोला पोरीच म्हणायचा.

"कुणी नाही गेलं. नवी येतेय."

तो बाजूला उभा राहून बघत होता. एकेक दार निघालं, एकेक पत्रा निघाला. शेवटी उरलेली राख त्यानं स्वतः बादलीत भरली आणि नेहमीसारखी गडग्यापलीकडे नेऊन टाकली.

नवी बसली. तिला पाठ लावून तो उभा राहायचा, मग वळून पंजा टेकायचा. "गार आहे, पोरी." डोरीन बटण दाबायची. थोड्या वेळानं तो पुन्हा पंजा टेकायचा, मान हलवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोळशाची बादली भरून आणायचा आणि तिच्यासमोर उभा राहायचा, कुठं ओतायचं ते न कळून. डोरीन त्याच्या हातातून बादली घ्यायची. पुन्हा बाहेर नेऊन ओतायची.

वॉल्टर नवी शेगडी बघायला आला. चहाचा मग हातात घेऊन त्यानं चारही दारं उघडून बघितली.

"हुशार आहे रे," तो आयझॅकला म्हणाला. "लावून विसरलं की आपोआप बंद होते. तुझंही तसंच आहे म्हणा, फक्त तू मध्येच बंद होतोस."

"मी बंद झालो तरी घोरतो," आयझॅक म्हणाला. "तुला कळतं तरी मी आहे ते. हिचं काही कळत नाही."

त्या दिवशी ते तिघं पोट धरून हसले. डोरीनला वाटलं, जमेल. असंच जमत जाईल.

हे कुणी विचारलं नव्हतं

एप्रिलात मेंढ्या व्यायला लागल्या. रुथनं डोरीनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं, ते पुढं ढकलता येईना. वॉल्टर दुपारी डोकावून जाईन म्हणाला.

त्या निघाल्या तेव्हा ऊन होतं. दुपारी डोंगरावरून हिमकणांचा पाऊस उतरला, तिरपा, बोचरा. त्या पावसात गडग्याच्या आडोशाला एक मेंढी अडली.

आयझॅकला ते घरातून दिसलं. तो गेला. कोकराचा एक पाय मागं अडकला होता, तो त्यानं आत हात घालून सरळ केला. कोकरू ओढून घेतलं. नाकातोंडातलं पुसलं, गवतानं अंग चोळलं, धुगधुगी होती. मेंढीचा चीक काढला, नळीनं कोकराच्या पोटात सोडला. कोट काढून त्यात कोकरू गुंडाळलं आणि घरात आणलं. यातलं काही त्याला आठवावं लागलं नाही. हात करत गेले.

मग त्यानं खालचं डावं दार उघडलं. त्याचा बाप, त्याची आजी, आणि या खोऱ्यातलं प्रत्येक घर गारठलेलं कोकरू जिथं ठेवत आलं, तिथं त्यानं ते ठेवलं. दार किलकिलं ठेवलं. खुर्ची ओढून समोर बसला.

वॉल्टर ठरल्याप्रमाणे आला. ओले बूट काढायचा कंटाळा म्हणून खिडकीतूनच डोकावला. आयझॅक चुलीपुढे बसलाय, ओव्हनच्या दारातून कोकराचं काळं नाक बाहेर दिसतंय. वॉल्टर जन्मल्यापासून हे बघत आलेला. सगळं ठीक आहे असं समजून तो निघून गेला.

डोरीन आणि रुथ परत आल्या तेव्हा आयझॅकनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलंय."

त्याच्या अंगात नुसता सदरा होता, ओला. बोटं निळी पडली होती. रुथ घोंगडी आणायला धावली. डोरीन खाली बसली, तिनं ओव्हनमध्ये हात घातला. लोखंड बर्फासारखं होतं. कोकरूही. पाय ताठलेले.

"अडलं होतं," आयझॅक सांगत होता. "पाय अडकलेला. सोडवला."

"चीक पाजलास?"

"पाजला ना. आता उठेल बघ थोड्या वेळात. कान हलवील आधी."

डोरीन उठली. वरचं डावं दार तिनं जरासं उघडलं, आणि त्याची नजर कोकरावर आहे असं बघून बटण दाबलं. कोकरं मरतात. उबेत ठेवूनही मरतात, त्यानं शेकडो वेळा पाहिलंय. उबेत मेलं म्हटल्यावर तो मान हलवील, पुरून येईल, चहा मागेल. एवढंच तिला हवं होतं. रुथ घोंगडी घेऊन दारात उभी होती. तिनं आईचा हात पाहिला. मग पुढे होऊन बापाच्या खांद्यावर घोंगडी टाकली.

तिघं बसून राहिले. काचेवर हिमकण वाजत होते. हळूहळू दारातून ऊब येऊ लागली, ओल्या लोकरीचा वास सुटला. आयझॅकच्या बोटांत रक्त परतत होतं, तो ती चोळत होता. मग त्यानं पंजा ओव्हनच्या कडेवर टेकला.

टेकलेला तसाच राहिला.

"ही आत्ता तापायला लागलीय, पोरी."

डोरीननं त्याच्या खांद्यावरची घोंगडी नीट ओढली.

"म्हणजे मघाशी गार होती."

"तुझे हात बधिर झाले होते," ती म्हणाली. "तुला कसं कळणार? मी ताटल्या म्हटलं, आयझॅक. दुकानात त्यानं विचारलं तेव्हा मी ताटल्या म्हटलं."

ती काय म्हणते ते त्याला कळलं नाही. रुथलाही नाही. आयझॅकनं कोकरू बाहेर काढलं, मांडीवर घेतलं, कान सरळ केले.

"गारठ्यात ठेवलं मी याला," तो म्हणाला. "पुढ्यात बसून." मग त्यानं मुलीकडे पाहिलं. "ते तुझं घर, रुथ. बाग आहे म्हणालीस ना?"

"बाबा, आज नको ते."

"कोकरू कळलं नाही मला. उद्या तुझी आई असेल."

समाधानी आहात ना?

जूनमध्ये कॉलिनचा फोन आला. सगळ्यांनाच करतो, म्हणाला. शेगडी कशी चालली आहे? काही तक्रार?

"नाही," डोरीन म्हणाली. "तू सांगितलंस तशीच आहे. भरवशाची."

ती नुकतीच पेन्रिथहून आली होती. त्या घरात कोळसाबिळसा काही नाही, खिडकीखाली गरम पाण्याच्या नळ्यांची जाळी आहे. आयझॅक तिला पाठ लावून उभा असतो, टोपी घालून. उन्हाळ्यात ती बंद असते, तरी तिथंच. तिथल्या पोरी त्याला खुर्चीत बसवतात, तो पुन्हा उठून उभा राहतो.

आज त्यानं डोरीनला ओळखलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून जवळ बोलावून हळूच विचारलं होतं, "विझू दिली नाहीस ना, पोरी?"

"नाही," ती म्हणाली होती.

फोन ठेवून तिनं वरचं डावं दार उघडलं आणि खालच्या ओव्हनचं बटण दाबलं. आत काही नव्हतं. दार किलकिलं ठेवून ती समोरच्या खुर्चीत बसली. बाहेर अजून उजेड होता, वॉल्टरच्या कुरणातून कोकरांचं ओरडणं येत होतं.

थोड्या वेळानं आत टक् असा आवाज झाला आणि शेगडी आपोआप बंद झाली. डोरीन उठली. तिनं पुन्हा लावली.