झोळीवरची स्प्रिंग

मी एक स्प्रिंग बोलतेय. कोपरापासून मनगटापर्यंत भरेन एवढी लांब, दोन्ही टोकांना आकडे. घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. पोलादाची असून घाबरट कशी, असं विचाराल, तर माझ्या आकड्यातून काही सुटलं की ते परत धरायला माझ्याकडे दुसरं काहीच नाही.

कारखान्यात यंत्राने तार गरागरा फिरवून माझी वेटोळी इतकी घट्ट बसवली की मधे कागदही शिरू नये. मला ओढलं की ती उघडतात, सोडलं की मिटतात. पण या ओढण्यालाही मर्यादा आहे. ती एकदा ओलांडली की मी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, आणि वरवर बघणाऱ्याला ते समजत नाही.

दुकानात माझ्या शेजारी एक ड्रॉबार स्प्रिंग होती. तिचा मला फार हेवा वाटे. तिच्या पोटातून तारेचे दोन लांब फास उलटसुलट घातलेले असतात. फास ओढले की तिची वेटोळी उघडत नाहीत, उलट एकमेकांवर दाबली जातात, आणि पुरती दाबली गेली की ती आपणहून थांबते. एखादं वेटोळं तुटलंच, तरी फास अडकलेले राहतात आणि वजन खाली पडत नाही. दुकानदारबाई येईल त्याला विचारायच्या, "लटकणार काय आहे? सामान की माणूस?" माणूस म्हटलं की त्या तिलाच पुढे करायच्या.

मला न्यायला आला तो एक वेल्डर. दिसेल त्या वस्तूवर आधी हातोडी मारून बघायची त्याला सवय, म्हणून घरीदारी सगळे त्याला ठोक्या म्हणत. बाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माणूसबिणूस नाही हो, फाटक आहे. आपोआप बंद व्हायला पाहिजे." त्यात काही खोटं नव्हतं. पण फाटकवाल्याचं मन बदललं आणि मी ठोक्याच्या पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. काही टाकून द्यायचं म्हणजे ठोक्याच्या अगदी जिवावर येतं.

पुढे त्याच्या थोरल्या बहिणीला मुलगी झाली. ताई घरीच शिवणकाम करते. मशिनीवर बसल्या बसल्या पायाने हलवता येईल अशी झोळी तिला हवी होती. ठोक्याने पेटीतून मला काढलं, छताच्या कडीत माझा वरचा आकडा अडकवला आणि खालच्या आकड्याला दोरी बांधून झोळी टांगायची तयारी केली. एवढ्याशा बाळाच्या वजनाची मला तक्रार नव्हती. पण ठोक्या तो ठोक्याच.

"थांब ताई. भाचीला ठेवायच्या आधी मामा परीक्षा घेणार," म्हणत त्याने ती दोरी दोन्ही हातांनी धरली, पाय उचलले आणि चक्क लोंबकळला. नुकताच पोटभर जेवलेला दणकट गडी. वर दोन झोके घेतले ते वेगळेच.

"बघ, मला पेललं. आता तुझी भोपळी म्हणजे किस झाड की पत्ती."

ताई समाधानाने हसली. मला मात्र वरच्या आकड्याच्या वळणावर काहीतरी उकललेलं कळलं. केसाएवढी चीर होती ती. सगळ्यांची खात्री पटावी म्हणून त्याने जे केलं, त्यानेच मी बिघडले होते.

तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली. भोपळी झोळीत उताणी पडून माझ्याकडेच टक लावून बघायची. मी खालीवर झाले की खुदकन हसायची. तिला वाटे, मी तिच्याशी खेळतेय. मी जीव मुठीत धरून तिला झुलवत होते.

मी सांगून बघितलं. म्हणजे मला जमतं तसं, कुरकुर करून. ठोक्या तेलाची बाटली घेऊन आला. रोग रेड्याला, औषध पखालीला! तेलाने माझा होता नव्हता तेवढा आवाजही गेला. मग मी लांबत गेले, झोळी खाली येऊ लागली. "दोरी सैल पडली असेल," म्हणून त्याने दोरीला गाठ मारून झोळी पुन्हा वर घेतली. भोपळी इकडे बाळसं धरत होती आणि माझी चीर वाढत होती.

त्या दिवशी ताई परकरांत इलॅस्टिक घालत होती. दोरा संपला, मशीन थांबली, आणि त्या शांततेत मी टक्‌ करून वाजले. ताईने वर बघितलं. तिने भोपळीला उचलून खांद्यावर घेतलं. वजन गेलं, तरी मी मिटले नाही. माझ्या वेटोळ्यांमधून पलीकडची भिंत दिसत होती. ताईने मांडीवरचं इलॅस्टिक हातात घेऊन ताणलं, सोडलं, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी ठोक्या आला तेव्हा ती म्हणाली, "ही ढिली पडलीय. काढून टाक."

"अगं, पोलाद आहे ते. परकरातलं इलॅस्टिक नव्हे."

"ताणून ढिलं झालेलं इलॅस्टिक मी गिऱ्हाइकाच्या कपड्यात घालत नाही. माझ्या पोरीला यात ठेवू?"

"तुला दाखवतोच," म्हणून त्याने दोरी धरली.

"नको रे, पडशील."

त्याने पाय उचलले आणि माझा वरचा आकडा तुटला. ठोक्या धपकन बुडावर आपटला. मी सणसणत खाली आले ती झोळीसकट, आणि तुटलेलं टोक भोपळीच्या इवल्याशा उशीत खुपसलं गेलं.

ठोक्याला फारसं लागलं नव्हतं, तरी तो उठला नाही. त्याने मला उशीतून उपसून काढलं. फाटक्या अभ्र्यावर कितीतरी वेळ नुसता हात फिरवत राहिला. ताईने भोपळीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तो मला हातात घेऊनच दुकानात गेला. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"माझी भाची," तो म्हणाला.

आता तिथे ड्रॉबार लटकतेय. माझा हेवा संपला. भोपळी तिच्याकडे बघून हसत असेल, तर हसू दे.

मी मात्र ठोक्याच्या वर्कशॉपमधे, शिकंज्यात आवळलेली आहे. मघाशी त्याने सवयीने पक्कड उचलली होती. टोकाचं एक वेटोळं उकलून वाकवलं की झाला नवा आकडा. तेल लावलं की मी नव्यासारखी दिसेन आणि पुन्हा पेटीत जाईन. मग केव्हातरी कुणाला तरी काहीतरी टांगायचं असेल, आणि मी हाताला लागेन. माझ्यात काय मोडलंय, ते माझ्या तोंडावर थोडंच लिहिलेलं असतं? पक्कड बघून मला जेवढी भीती वाटली, तेवढी पडतानाही वाटली नव्हती.

त्याने पक्कड खाली ठेवली. ग्राइंडर सुरू केला. आता चकती माझ्या मधोमध टेकलीय, ठिणग्या उडतायत, आणि तो चकती पुन्हा उचलू बघतोय, कारण टाकून द्यायचं त्याच्या जिवावर येतंय.

वस्तूंना वाचा फुटली की त्या म्हणतात, आम्हाला टाकू नका. मी घाबरलेय, फार घाबरलेय, पण माझं मागणं उलटं आहे. ठोक्या, हात आवरू नकोस. अर्ध्यावर सोडलंस, तर मी अजूनही कामाची दिसेन.